गच्चीवरचा टोमॅटो बुडाला काळा का पडतो? नाशिकची माती, पाणी, कॅल्शियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं

मृदगंध (गंगापूर रोड)

गेले काही आठवडे गच्चीबागेच्या प्रत्येक धाग्यावर एकच फोटो दिसतोय. टोमॅटो हिरवा, टणक, चांगला भरलेला, आणि बुडाला, म्हणजे देठाच्या विरुद्ध टोकाला, तपकिरी-काळा चट्टा. खालची उत्तरंही ठरलेली असतात. कॅल्शियम कमी आहे. अंड्याची टरफलं घाला. चुन्याची निवळी द्या. इप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, टाका. यातलं निदान अर्धंच खरं आहे आणि उपाय नाशिकच्या मातीत बहुतेक वाया जातात, एखादा तर उलटा पडतो. चांगली मेहनत करणारी माणसं यात हंगाम घालवतात हे बघवत नाही, म्हणून सगळं एका जागी मांडतेय.

आधी असं एक फळ उभं कापून बघा. चट्ट्याची जागा आत दबलेली असते, साल चिवट झालेली. कडेची सीमा स्पष्ट. अळीचं छिद्र नाही. पुढे त्या मेलेल्या भागावर काळी बुरशी चढते, पण ती नंतर आलेली पाहुणी. कधी कधी बाहेरून फळ स्वच्छ असतं आणि कापल्यावर बियांच्या कप्प्यात, खालच्या बाजूला, काळं पडलेलं सापडतं. हा रोग नव्हे. फळ झपाट्याने वाढत असताना त्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही, पेशींच्या भिंती नीट बांधल्या गेल्या नाहीत आणि तो भाग कोसळला. म्हणून यावर बुरशीनाशक मारून काहीही होत नाही.

आता ते का पोचलं नाही? मुळं कॅल्शियम उचलतात ते पाण्याबरोबर, आणि ते वर चढतं तेही पाण्याच्याच ओढीने. पानांतून बाष्प उडतं, त्यामुळे पाणी पानांकडे धावतं. फळाला गुळगुळीत साल, त्यातून बाष्प फारसं उडत नाही, म्हणजे फळाच्या वाट्याला या प्रवाहातलं थोडंसंच येतं. त्यात एकदा पानात जाऊन बसलेलं कॅल्शियम झाड पुन्हा उचलून फळाला देऊ शकत नाही. नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम यांना झाड जुन्या पानांतून काढून नव्या भागाला पुरवतं, कॅल्शियमचं तसं नाही. त्यामुळे पाण्याचा खंड पडला की सगळ्यात आधी उपाशी राहतं ते फळाचं टोक. एप्रिलच्या उन्हात काळी प्लास्टिकची कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते, पानं माना टाकतात, संध्याकाळी आपण बादलीभर पाणी ओततो, पानं उभी राहतात आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक झालं. फळाचं त्या दुपारी जे बिघडलं ते दोन आठवड्यांनी दिसतं.

आपल्याकडची माती बसाल्टपासून झालेली काळी माती. तिचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, आणि अनेक जागी चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. चुनखडी म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट. अशा मातीने भरलेल्या कुंडीत कॅल्शियमचा दुष्काळ असण्याची शक्यता फारच कमी. कमी असतो तो वाफसा. मुळांभोवती ओल आणि हवा दोन्ही टिकून राहणं ही कॅल्शियमची खरी वाट.

आणि याच चुनखडीमुळे दुसरी अडचण येते, जिच्याबद्दल इथे कुणी बोलत नाही. सामू वर असला की लोह, जस्त, मँगनीज मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. ती न विरघळणाऱ्या रूपात अडकतात. म्हणजे नाशिकच्या कुंडीत कॅल्शियम भरपूर आणि त्याच्यामुळेच सूक्ष्म अन्नद्रव्यं बंद, अशी स्थिती असते. त्यात आणखी चुना, राख घालत राहिलो की कुलूप आणखी घट्ट होतं.

कुठल्या पानावर काय दिसतं तेही सांगते, कारण ओळख चुकली की पुढचं सगळंच चुकतं. पहिला प्रश्न एकच: लक्षण खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्यावर? खालची पानं शिरांच्या मधे पिवळी पडली, शिरा हिरव्या, तर मॅग्नेशियमकडे बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, अगदी बारीक शिरासुद्धा हिरव्या जाळीसारख्या उठून दिसतात, पुढे पान जवळजवळ पांढरं होतं, तर लोह. पानं लहान राहिली, पेरं आखूड, शेंड्याला पानांचा गुच्छ, तर जस्त. शेंडाच करपला, पानं जाड आणि ठिसूळ, फुलं गळतात, तर बोरॉनचा संशय घ्या. कॅल्शियम खरोखरच कमी असेल तरीही शेंड्याची पानंच वाकडी होतात, कडा जळतात. कॅल्शियम आणि बोरॉन दोघांचीही खूण शेंड्यावर उमटत असल्याने गल्लत होते. विषाणूमुळेही शेंडा आखडतो आणि पानं वळतात. पांढरी माशी दिसत असेल तर आधी ती शक्यता तपासा, नाहीतर आजारी झाडाला खत घालत बसाल.

फोटो टाकताना पूर्ण झाड, शेंडा, खालचं पान आणि कुंडीचं तोंड असे सगळे टाका. नुसत्या फळाच्या फोटोवरून कुणालाच काही सांगता येणार नाही.

पंचवटीकर

ताई, उत्तम धागा. माझ्याकडे पंधरा लिटरच्या ग्रो बॅगा आहेत. लांबट जातीच्या झाडांना काळं बूड आलंय आणि शेजारच्याच चेरी टोमॅटोला एकही डाग नाही. माती एकच, पाणी एकच. असं कसं?

मृदगंध

जातीचा फरक आहे. लांबट, अंडाकृती फळांत हे जास्त येतं. देठापासून टोकापर्यंतचं अंतर मोठं, फळाची वाढही जोरात. चेरीत जवळपास येतच नाही. काळी पडलेली फळं काढून टाका, ती सुधारणार नाहीत आणि उगाच झाडाचा जोर खातील. काळा भाग कापून उरलेलं फळ भाजीत वापरायला हरकत नाही. बॅगेच्या तोंडावर दोन-तीन बोटं वाळक्या पानांचं आच्छादन घाला, आणि उन्हाळा असेपर्यंत पाणी एकदम देण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ विभागून द्या. बहुतेकांचं काम इथेच संपतं.

निफाडचा शेतकरी

आमच्या द्राक्षातही हेच. ज्याच्या रानात चुनखडी, त्याच्या बागेत शेंडा पिवळा. माती परीक्षणात लोह दिसतं आणि वेलीला मिळत नाही. म्हणून आम्ही नुसत्या मातीवर विसंबत नाही, देठ परीक्षण करतो. फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरच्या पानाचे देठ गोळा करून प्रयोगशाळेत द्यायचे. झाडाच्या पोटात खरं किती गेलं ते त्यातून कळतं. कुंडीवाल्यांना एवढ्याची गरज नाही, पण मुद्दा ध्यानात ठेवा. मातीत असणं वेगळं आणि झाडाला लागू होणं वेगळं.

दुसरं, पिवळं दिसलं की लगेच पुडी आणायला पळू नका. आमच्याकडे पाऊस लागून राहिला आणि रानातलं पाणी हटलं नाही, की आठ दिवसांत शेंडे पिवळे. मुळाला हवा नाही तर लोह उचलणार कोण? वाफसा आला की निम्मे वेल आपोआप हिरवे होतात. कुंडीचं बुडाचं भोक बुजलंय का ते आधी बघा. बऱ्याचदा खाली मुळ्यांचा गठ्ठा होऊन भोक बंद झालेलं असतं.

सातपूरकर

माझ्याकडे माती नाहीच, सगळं कोकोपीट आणि गांडूळखत. गच्चीवर वजन नको म्हणून. पाणी आरओचं, कारण बोअरच्या पाण्याने कुंड्या पांढऱ्या होतात. मग मलाही कॅल्शियम नको का?

मृदगंध

तुमचं गणित अगदी उलटं आहे, बरं झालं विचारलंत. वर लिहिलेलं सगळं मातीच्या कुंडीसाठी. कोकोपीटमध्ये स्वतःचं कॅल्शियम नगण्य, आणि नारळाच्या भुश्श्यावर पोटॅशियम आणि सोडियम चिकटलेलं असतं. तुम्ही कॅल्शियम-मॅग्नेशियम दिलंत की कोकोपीट ते स्वतःकडे ओढून घेतं आणि बदल्यात पोटॅशियम सोडतं. म्हणजे झाडापर्यंत पोचण्याआधीच निम्मं गायब, आणि सुटलेलं पोटॅशियम मुळांपाशी कॅल्शियमशी स्पर्धा करणार. त्यात आरओचं पाणी म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी. तुमच्या झाडांना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं तिन्ही बाहेरून, नियमित द्यावी लागतील.

कोकोपीटची नवीन वीट भिजवताना ती आधी साध्या पाण्याने दोनदा धुवा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून निथळून काढा. भरलेल्या बॅगांना आता कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, दर आठ-दहा दिवसांनी. मॅग्नेशियम सल्फेट वेगळ्या दिवशी, लिटरला अर्धा ग्रॅम पुरे. आणि आरओ कशाला? महापालिकेचं पाणी येत असेल तर ते वापरा. गंगापूर धरणाचं पाणी बोअरच्या मानाने पुष्कळ मऊ आहे, झाडांना चांगलं चालतं.

रसायनशाळा

ताईंनी "वेगळ्या दिवशी" हा शब्द सहज लिहिलाय, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. घरी करून बघा. दोन काचेच्या ग्लासांत अर्धा-अर्धा ग्लास पाणी घ्या. एकात चमचाभर कॅल्शियम नायट्रेट, दुसऱ्यात चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट. दोन्ही नितळ होईपर्यंत ढवळा. आता एक दुसऱ्यात ओता. नितळ पाणी दुधी होतं, थोड्या वेळाने तळाशी पांढरी पूड बसते. ती पूड म्हणजे जिप्सम. कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना धरून खाली बसले. झाडाला न मिळता ते ग्लासात राहिले. स्प्रे पंपात हे झालं तर नोझल बुजतो तो वेगळाच.

फॉस्फेटच्या खतांचंही तेच. १२:६१:०० आणि ००:५२:३४ (पुडीवरचे आकडे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश यांचे) कॅल्शियम नायट्रेटबरोबर कधीही एकत्र करायची नाहीत. १९:१९:१९ मध्येही स्फुरद आहेच, म्हणून तेही नको. खूप पातळ द्रावणात हा त्रास कमी होतो हे खरं, पण घरी मोजमाप अंदाजाने चालतं, तेव्हा सरळ वार वाटून घ्या.

निफाडचा शेतकरी

बरोबर. ठिबकवाले कॅल्शियमची टाकी कायम वेगळी ठेवतात ती याचसाठी. एकदा लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, चोक झाली की ॲसिड सोडून धुवावी लागते.

गोदाकाठ

अंड्याच्या टरफलांबद्दल इतकं ठाम नाही म्हणणं पटलं नाही. आमच्या घरी वर्षानुवर्षं गुलाबाला घालतात, गुलाब मस्त आहे.

मृदगंध

गुलाब मस्त असेल, त्याचं श्रेय शेणखत, छाटणी आणि रोजच्या पाण्याला द्या. टरफल म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचाच भाऊ. ते विरघळायला आम्लता लागते. कोकणातल्या लाल आम्लधर्मी मातीत बारीक पूड करून घातलं तर हळूहळू कामाला येईल. आपल्या काळ्या मातीत ते वर्षानंतरही तुकड्यातुकड्यांत सापडतं. तुमच्याच कुंडीत बोटभर खोल खणून पाहा, हाताला लागतील. नुकसान फारसं नाही, पण या महिन्यात काळा पडणारा टोमॅटो त्याने वाचणार नाही.

टरफल वापरायचंच असेल तर व्हिनेगरमध्ये विरघळवा.

रसायनशाळा

त्याचं प्रमाण देतो. टरफलं धुऊन, वाळवून, तव्यावर हलकी भाजून चुरा करा. एक लिटर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये सात-आठ अंड्यांच्या टरफलांचा चुरा. बरणी मोठी घ्या आणि झाकण घट्ट लावू नका, कारण जोरात फेस येतो. तो कार्बन डायऑक्साइड आहे, बंद बरणी फुटू शकते. दोन-तीन दिवसांनी बुडबुडे थांबले की वरचं पाणी गाळून घ्या. यात कॅल्शियम ॲसिटेट तयार होतं आणि ते पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. लिटरभर पाण्यात १० ते २० मिली टाकून मुळाशी द्या. बुडबुडे थांबायच्या आधी वापरू नका, उरलेलं आम्ल कोवळ्या मुळांना जाळेल.

चुन्याच्या निवळीबद्दलही सांगून टाकतो. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सामू बारापर्यंत जाणारा पदार्थ. आधीच आठच्या घरात असलेल्या मातीत तो घालायचं काही कारण नाही. चुलीच्या राखेचंही तेच.

कुंडीतली शेती

मी परदेशी व्हिडिओ बघतो. त्यात सगळे "कॅल-मॅग" नावाची बाटली प्रत्येक पाण्याबरोबर देतात, आणि पानांच्या लक्षणांचे जे तक्ते मिळतात ते बहुतेक गांजाच्या झाडांचे असतात. ते आपल्या मिरची-टोमॅटोला लागू होतात का? बाटली मागवू का?

मृदगंध

हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवाच होता. आधी कायद्याचं बोलते. आपल्याकडे गांजाचं झाड लावणं १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गुन्हा आहे, गच्चीवर एकच कुंडी असली तरी. त्यामुळे इथे त्याची चर्चा नको. पण तुमच्या प्रश्नातला शेतीचा भाग रास्त आहे.

झाडाच्या आतलं कॅल्शियम, लोह, जस्त यांचं वागणं सगळीकडे सारखंच. लोह कमी झालं की गांजाचाही शेंडा पिवळा आणि मिरचीचाही. म्हणून तक्ता ओळखीपुरता चालतो. चालत नाही ती उपाययोजना. ते लोक बंद खोलीत, दिव्याखाली, कोकोपीटमध्ये, आरओच्या पाण्यावर झाडं वाढवतात. तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कुठूनच येत नाही, म्हणून बाटली लागते. वर सातपूरकरांची जी परिस्थिती, तीच त्यांची. पंचवटीत काळ्या मातीच्या कुंडीला बोअरचं पाणी देणाऱ्याने तीच बाटली ओतली, तर तो भरलेल्या हंड्यात पाणी ओततोय. बहुतेक बाटल्यांत कॅल्शियम नायट्रेट, थोडं मॅग्नेशियम आणि किंचित लोह असतं. तेच कृषी सेवा केंद्रात सुटं, पुष्कळ स्वस्तात मिळतं.

आणि इप्सम सॉल्टचा गैरसमज इथूनच आलाय. काळ्या बुडावर इप्सम सॉल्ट देऊ नका. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मुळाशी एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. एक वाढवलंत की दुसऱ्याची आत जायची जागा कमी होते. युरियाचा किंवा अमोनियाच्या खताचा जास्त मारा केला तरी हेच होतं, वर पालाही माजतो आणि तो आणखी पाणी ओढतो. खालची पानं मॅग्नेशियम कमी पडून पिवळी असतील तरच लिटरला तीन ते पाच ग्रॅम घेऊन पानांवर फवारा.

पाथर्डी फाटा

माझ्या कढीपत्त्याची आणि लिंबाची नवीन पालवी पिवळीधमक येते, शिरा हिरव्या. जुनी पानं गडद. हिराकस दिला होता, काही दिवस बरं वाटलं, परत तेच. पाणी बोअरचं.

मृदगंध

तुम्ही लोहाच्या कमतरतेचं अगदी पुस्तकातलं वर्णन केलंत. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. चुनखडीच्या मातीत पडल्यावर त्यातलं लोह थोड्याच वेळात गंजून न विरघळणारं होतं. जेवढ्या वेळात मुळांनी उचललं तेवढंच खरं.

बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट नावाचे क्षार रोज थोडा थोडा सामू वर नेतात. कुंडीच्या कडेला आणि मातीवर जो पांढरा थर दिसतो तो त्याचाच. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात धरून तेच या दोन झाडांना द्या. पावसाच्या पाण्याने कुंडी भरपूर वाहू दिली तर साठलेले क्षारही धुऊन जातात.

लोहासाठी चिलेट घ्यायचं, म्हणजे लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं रूप, पण कुठलं ते बघून. पुडीवर ईडीटीए लिहिलंय की डीटीपीए की ईडीडीएचए, ते वाचा. ईडीटीएची पकड सामू साडेसहाच्या पुढे सुटायला लागते, डीटीपीए साधारण सातच्या थोडं वर टिकतं, आणि ईडीडीएचए आठ-नऊलाही लोह धरून ठेवतं. आपल्या मातीत मुळाशी द्यायचं तर ईडीडीएचएच. महाग असतं, पण १२ इंची कुंडीला लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम पुरतं. रंग गडद लाल येतो. उन्हात ते खराब होतं म्हणून संध्याकाळी, मातीवर द्या, पानांवर नको. ईडीटीएची पुडी घरात असेल तर ती फवारणीला वापरा, तिथे मातीचा सामू आड येत नाही.

जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. यश मोजायचं ते नव्या पालवीवर.

निफाडचा शेतकरी

माती चुनखडीची आहे का ते घरीच बघायचं असेल तर वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. चुनखडी बरीच असेल तर फसफसतं. आणि शेतात आम्ही सेंद्रिय खतात गंधक कालवून देतो. मातीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि मुळाभोवतीचा सामू थोडा उतरतो. हळू होतं, पण होतं. चांगलं कुजलेलं शेणखत जितकं जास्त तितका जस्त-लोहाचा प्रश्न कमी.

जेल रोड

बोरॉनचं कुणी सविस्तर सांगेल का? मिरचीची फुलं पटापट गळतात. दुकानदाराने बोरॉन दिलंय, पण किती घालायचं ते सांगताना म्हणाला, "टाका चमचाभर".

रसायनशाळा

चमचाभर अजिबात नाही. सूक्ष्म अन्नद्रव्यांत बोरॉन हे सगळ्यात जपून द्यायचं. पुरेसं आणि विषारी यांच्यात अंतर फार कमी. जास्त झालं की जुन्या पानांची टोकं आणि कडा पिवळ्या होऊन जळतात, आणि कुंडीत एकदा गेलेलं सहज काढता येत नाही. पुडीवर काय लिहिलंय ते बघा. बोरॅक्समध्ये बोरॉन साधारण १०.५ टक्के, बोरिक ॲसिडमध्ये १७ टक्के, आणि फवारणीसाठी जे डायसोडियम ऑक्टाबोरेट मिळतं त्यात २० टक्के. म्हणजे त्याच चमच्यात दुप्पट फरक पडतो. बोरॅक्स लिटरला एक ग्रॅम, बाकीची दोन अर्धा ग्रॅम. फुलं लागण्याच्या सुमारास एक फवारणी, गरज वाटली तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. मातीत घालूच नका. दागिने मोजायचा छोटा काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो घ्या. ग्रॅमखालची मापं चमच्याने होत नाहीत.

मृदगंध

आणि जेल रोड, मिरचीची फुलगळ उन्हाळ्यात असेल तर बोरॉनच्या आधी तापमान बघा. तापमान पस्तिशीच्या बरंच वर गेलं की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. ५० टक्के शेडनेटने जो फरक पडेल तो कुठलीच पुडी देणार नाही. थ्रिप्स (फुलकिडे) पण बघा, फूल पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर किडे पळताना दिसतील.

पंचवटीकर

माती तपासून घ्यावी म्हणतो. गच्चीवाल्यांची माती घेतात का? आणि अहवालात कॅल्शियम येतं का?

मृदगंध

मातीचा नमुना कुठलाही चालतो. जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळा आहे, शिवाय मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आपल्या जवळच आहे, तिथे चौकशी करा. चार-पाच कुंड्यांमधली मधल्या थराची माती एकत्र करून, सावलीत वाळवून अर्धा किलो न्या. नुकतंच खत घातलेलं नको.

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. कॅल्शियम-मॅग्नेशियम त्यात नाही. पण सामू आणि क्षारता वाचलीत तरी अंदाज येतो. सामू आठ आला तर कॅल्शियमची काळजी सोडा. जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाखांतले भाग) खाली आणि लोह ४.५ च्या खाली असेल तर कमी समजतात. क्षारता जास्त आली तर कुठलंच खत न घालता आधी कुंडी साध्या पाण्याने धुऊन काढा.

गोदाकाठ

हे सगळं वाचून शेवटी एका १२ इंची मातीच्या कुंडीला वर्षभर काय द्यायचं ते थोडक्यात लिहाल का? तक्ता नको, सरळ भाषेत.

मृदगंध

कुंडी भरताना तीनातला एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, मूठभर निंबोळी पेंड, आणि निचऱ्यासाठी थोडी जाड वाळू किंवा कोकोपीट. चुना, राख नाही. फुलं लागल्यावर सूक्ष्म अन्नद्रव्यांची ग्रेड दोनची पुडी, ती फवारणीची असते आणि तिच्यात मॉलिब्डेनमसह सगळं येतं. ग्रेड एक जमिनीतून द्यायची, दुकानात घेताना अदलाबदल होते म्हणून पुडी वाचून घ्या. फवारणी पुडीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने दोनदा.

टोमॅटो असेल आणि फळं सुपारीएवढी झाली असतील, तर कॅल्शियम नायट्रेट लिटरला तीन ग्रॅम, संध्याकाळी, थेट कोवळ्या फळांवर. पानांवर पडलेलं फळात जात नाही, म्हणून फळ ओलं झालं पाहिजे. मोठ्या झालेल्या फळांना याचा उपयोग नाही. हा आधार आहे, पाण्याचा नियम सांभाळलात तर याचीही गरज पडू नये. पावसाळ्यात ढगाळ दमट हवा लागून राहिली की बाष्प उडणं मंदावतं आणि काळं बूड तेव्हाही दिसतं, त्या दिवसांत ही एक फवारणी कामाची. थंडीत पाणी कमी करा, पण माती कोरडीठाक होऊ देऊ नका.

सातपूरकर

कॅल्शियम नायट्रेट किलोचंच पाकीट मिळालं. उघडल्यावर आठवड्यात त्याचं पाणी पाणी झालंय. फेकायचं का?

रसायनशाळा

फेकू नका, ते हवेतली ओल ओढतं, गुण तसाच राहतो. फक्त आता वजन करून मोजता येणार नाही, कारण त्यात किती पाणी शिरलंय ते कळत नाही. पाकिटात उरलं होतं त्याचं मूळ वजन आठवत असेल तर सगळं एका कॅनमध्ये ओता आणि पाणी घालून ठरावीक माप करा. समजा ८०० ग्रॅम उरलं होतं, तर एकूण आठ लिटर करा. मग त्यातल्या १० मिलीत एक ग्रॅम येईल, म्हणजे लिटरभर पाण्याला १० मिली. कॅनवर नाव, प्रमाण आणि "सल्फेट, फॉस्फेट नको" असं लिहून ठेवा, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी. पुढचं पाकीट उघडल्या दिवशीच रबरी कडेच्या घट्ट डब्यात भरा.